शहराचा दरवाजा कोण उघडणार?

निकाल लागले की धाराशिव जिल्ह्यातल्या भीमनगरांत लगबग सुरू होते. कळंब, भूम, परंडा, उमरग्याची आमची पोरं-पोरी बॅगा भरतात आणि एसटीने किंवा रात्रीच्या रेल्वेने पुणे गाठतात. आई चटणी-भाकरी बांधून देते. बाप उसने आणलेले पैसे खिशात कोंबतो. कॉलेजात नाव लागलेले असते. सारी वस्ती अभिमानाने सांगते, पोरगं पुण्याला शिकायला गेलं! पण कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे शहरात प्रवेश मिळाला काय?

खोली बघायला गेले की पहिला प्रश्न येतो, ‘गाव कुठलं?’ दुसरा, ‘आडनाव काय?’ आडनावावरून अंदाज लागला नाही तर तिसरा, ‘मटण-मच्छी खाता का?’ उत्तर ऐकताच घरमालकाला एकदम आठवते की खोली पाहुण्यांसाठी ठेवायची आहे. तोंडावर कुणी जात काढत नाही, फक्त दार लावून घेतो. या सभ्य अस्पृश्यतेचा पुरावा आमच्या पोरांनी कुठून आणायचा?

हे बंद दार आम्हाला नवे नाही. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात त्यांना कुणी जात विचारली नाही. तेच बाबासाहेब 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशी सराईत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. ओळखीच्या दोघांनी आसरा द्यायचे टाळले. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. विद्वत्ता होती, नोकरी होती. नव्हती ती फक्त एक खोली! पुढे 1950 साली याच बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनातल्या वसतिगृहांनी मराठवाड्याच्या किती पिढ्यांना छप्पर दिले, हे आम्ही सांगायला नको.

आज सरकार काय करते? शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 साली स्वाधार योजना आली. तिला नाव दिले बाबासाहेबांचे. पुणे-मुंबईसाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले. त्यात निवासाचे 20 हजार, म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत! एवढ्यात पुण्यात खोली सोडा, धड कॉट मिळत नाही. शिवाय डिपॉझिट जूनमध्येच मोजावे लागते आणि हप्त्याची वाट बघत बसावे लागते. ही रक्कम वाढलीच पाहिजे आणि वेळेवर मिळालीच पाहिजे. त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले तरी चालेल.

पण सगळे सरकारवर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही. पुण्यात वस्तीवस्तीत आमची विहारे आहेत. जयंतीला डीजे लावायला वर्गणी जमते, मग जून-जुलैचे दोन महिने विहारातली एक खोली गावाकडून आलेल्या पोरांसाठी का राखून ठेवता येऊ नये? पुण्यात स्थिरावलेल्या नोकरदार बांधवांनी आपल्या जिल्ह्याच्या एका तरी मुलीसाठी घरमालकाकडे शब्द टाकला, तर काय बिघडेल?

आणि पहिल्या रविवारी या पोरांना शहर दाखवा. गंज पेठेतला फुलेवाडा दाखवा. 1848 साली मुलींची शाळा जिथे भरली, ती भिडेवाड्याची जागा दाखवा. येरवड्याच्या तुरुंगाबाहेर उभे राहून 1932 चा पुणे करार समजावून सांगा. देहूरोडच्या विहारात न्या, जिथे 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती स्थापन केली. मग कळंबच्या पोरीला कळेल की या शहरात आपण उपऱ्या नाही. आपल्या माणसांनी हे शहर आपल्याआधी झिजून घडवले आहे.

1941 साली बाबासाहेब कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. त्या मातीतली पोरं आज शिकायला निघाली आहेत. त्यांनी पुण्याच्या स्टेशनावर उतरावे आणि आडनाव लपवून दारोदार फिरावे, हे आम्हाला शोभत नाही. ‘शिका’ म्हणून आम्ही त्यांना पाठवले आहे. आता दार उघडून ‘या, जयभीम!’ म्हणण्याची पाळी आमची आहे.