विश्लेषण : बेवारस शटरमागे खजिना की भंगार?

कुलूप कापले जाते, शटर वर सरकते, विजेरीच्या झोतात जुनी खोकी दिसतात आणि बोली सुरू होते. २०१० मध्ये अमेरिकी वाहिनीवर आलेल्या ‘स्टोरेज वॉर्स’ने हे दृश्य जगभर नेले. काहीशे डॉलरना खोली घ्यायची आणि आतून हजारोंचा ऐवज काढायचा, हे त्याचे ठरलेले कथानक. प्रत्यक्षातला हिशेब वेगळा आहे. आणि त्यात सर्वाधिक गमावणारा माणूस बोलीच्या गर्दीत नसतोच.

या खोल्या लिलावात येतात कशा?

अमेरिकेत भाड्याने खोल्या देणाऱ्या अशा गोदामांची संख्या ५० हजारांच्या आसपास सांगितली जाते. या व्यवसायातील बडी कंपनी ‘पब्लिक स्टोरेज’ १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि आज ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. तिथे सामान ठेवणाऱ्यांची कारणे बहुतेकदा सुखाची नसतात. घटस्फोट, घर सुटणे, नोकरी जाणे, आईवडिलांचे निधन. सुरुवातीचे भाडे आकर्षक असते, पुढे ते वाढत जाते. सामान हलवायचे तर गाडी आणि माणसे लागतात, त्यामुळे भाडेकरू वाढीव भाडे सोसत राहतो. एके दिवशी तेही जमत नाही.

मग राज्याचा कायदा मालकाला सामानावर धारणाधिकार देतो. भाडेकरूच्या कुलपावर मालकाचे दुसरे कुलूप चढते, नोटीस जाते, जाहिरात निघते आणि सामान विकले जाते. यासाठी सहसा न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. सेवेत असलेल्या सैनिकांचा मात्र अपवाद आहे. त्यांचे सामान विकण्यापूर्वी न्यायालयाचा आदेश घ्यावा, असे संघराज्याचा कायदा सांगतो.

खरेदीदाराच्या हाती काय लागते?

बोली लावणाऱ्याला आत पाऊल टाकता येत नाही, खोकी उघडता येत नाहीत. दारातून जे दिसेल त्यावरच अंदाज. आता बरेचसे लिलाव ऑनलाइन होतात, तिथे तर चार-सहा छायाचित्रांवरच भागवावे लागते. बोली जिंकली की खरी कसोटी सुरू होते. दोन-तीन दिवसांत खोली झाडून रिकामी करून द्यायची; तोवर अनामत रक्कम अडकलेली. गादी, मोडका सोफा, जुना टीव्ही यांना गिऱ्हाईक नसते आणि ते टाकायलाही पैसे पडतात.

समजा, चारशे डॉलरना खोली मिळाली. ट्रकचे भाडे, कचरा टाकण्याचे शुल्क, ऑनलाइन संकेतस्थळाचे खरेदीदार शुल्क आणि मदतनिसाची मजुरी धरली की हा आकडा सहज सातशेच्या पुढे जातो. त्यानंतर एकेक वस्तू धुऊन, छायाचित्र काढून, महिनोनमहिने विकत बसायचे. ज्यांचे जुन्या मालाचे दुकान आहे, बाजारात कायमची जागा आहे, त्यांनाच हे परवडते. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या विक्रेत्याला हे सांगावे लागणार नाही! शिवाय खुल्या बोलीत जिंकतो तो बहुधा आतल्या मालाबद्दल सर्वाधिक आशावादी असलेला माणूस, म्हणजे चुकण्याची शक्यताही त्याचीच जास्त.

मग त्या घबाडांच्या कथा खोट्या?

सगळ्याच नाहीत. १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ या बाँडपटातील पाणबुडी-मोटार १९८९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथील अशाच गोदामातून जेमतेम शंभर डॉलरना विकली गेली. २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात तिला साडेपाच लाख पौंडांच्या घरात किंमत आली आणि खरेदीदार निघाले इलॉन मस्क. पण ही कथा इतकी वर्षे सांगितली जाते, यातच तिचे दुर्मीळपण आले. दूरचित्रवाणीवरील ऐवजाबाबत तर २०१२ मध्ये ‘स्टोरेज वॉर्स’मधील डेव्ह हेस्टर यांनीच दावा गुदरला. निर्माते मौल्यवान वस्तू आधीच खोल्यांत ठेवतात, असा त्यांचा आरोप होता. प्रकरण २०१४ मध्ये तडजोडीने मिटले.

खरा तोटा कोणाचा?

थकबाकी काहीशे डॉलरची आणि जाते मात्र सगळे बिऱ्हाड. थकबाकी व खर्च वजा जाता उरलेली रक्कम अनेक राज्यांत भाडेकरूचीच असते. कॅलिफोर्नियात ती त्याला वर्षभर मागता येते, नंतर ती कौंटीच्या तिजोरीत जाते. पण उरण्याइतकी बोली लागावी, यात गोदाममालकाचा स्वार्थ नाही. वरचा पैसा त्याचा नव्हेच. त्याला हवी असते लवकर रिकामी झालेली खोली, पुढच्या भाडेकरूसाठी. किंमत वाढवण्यात ज्याचे हित आहे तो भाडेकरू अनेकदा पत्ता बदलून गेलेला असतो, नोटीस जुन्या घरी पडून राहते. या रचनेला न्याय्य म्हणणे कठीण आहे. छायाचित्रे, कागदपत्रे, अस्थिकलश कार्यालयात परत द्यावेत, असा अनेक गोदामांचा नियम असतो. तो पाळणे मात्र शेवटी खरेदीदाराच्या सचोटीवर.

भारतात काय स्थिती?

सोनेतारण कर्जाच्या लिलावाच्या नोटिसा मराठी वाचक वर्तमानपत्रांत नेहमी पाहतात. तिथे राखीव किंमत ठरवावी लागते, कारण सोन्याचा भाव जगजाहीर असतो. बंद खोक्यांचा तसा भाव काढता येत नाही. आता मुंबई-पुण्यातही घरसामान ठेवण्यासाठी भाड्याच्या खोल्या मिळतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७६ विक्रीचा अधिकार देते ते तारण घेणाऱ्याला, तेही वाजवी सूचना दिल्यानंतर. नुसती वस्तू सांभाळणाऱ्याला तो कायदा काही परिस्थितींत ती अडवून ठेवू देतो, विकण्याची मुभा देत नाही. त्यामुळे थकबाकीदाराच्या सामानाचे काय करायचे, हे इथे गोदामाच्या छापील करारातच लिहिलेले असते आणि त्यावर सही भाडेकरूची असते.