निळ्या डब्यातला खुबा

दरवर्षी १५ सप्टेंबरला, सर विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, देशभर अभियंता दिन होतो. पुण्यात शिकून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे देणारे विश्वेश्वरय्या आपल्याला परके नाहीत. आमच्या शहरातली अभियंत्यांची संस्था या दिवशी बाहेरच्या क्षेत्रातल्या कुणाला तरी पाहुणा म्हणून बोलावते. गेल्या वर्षी तो मान माझ्याकडे आला. शाल, श्रीफळ, एक रोपटे, अध्यक्षांचे लांबलेले प्रास्ताविक असे सगळे रीतसर झाले. हृदय म्हणजे एक पंप, रक्तवाहिन्या म्हणजे नळ, असे डॉक्टरांनी अभियंत्यांपुढे करायचे ठरावीक भाषण मीही केले.

खरी गोष्ट जेवणाच्या वेळी घडली. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत.

"डॉक्टर, तुमच्या इस्पितळात खुब्याचा कृत्रिम सांधा बिघडला की काढून नवा बसवतात ना? मग जुना तपासायला कुठे पाठवता?"

मी म्हटले, "निळ्या डब्यात."

त्यांना वाटले, हे एखाद्या प्रयोगशाळेचे नाव असावे. मग मला सांगावे लागले की शरीरातून काढलेले धातूचे भाग जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे निळ्या खुणेच्या डब्यात जातात आणि तिथून निर्जंतुक होऊन पुढे भंगाराच्या वाटेला लागतात. घास हातात तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "आमच्याकडे गाडीचा आस मोडला, तर का मोडला ते कळेपर्यंत त्याला कुणी भंगारात जाऊ देत नाही हो," एवढेच बोलले आणि पुन्हा जेवू लागले.

मी फिजिशियन आहे, हाडांचा डॉक्टर नाही. पण तीस वर्षे सरकारी इस्पितळात काढली आहेत आणि तो निळा डबा रोज पाहिला आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडण्यासाठी अभियंत्याच्या पंगतीला बसावे लागले. मग जुने वाचायला घेतले तेव्हा कळले की खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा जन्मच मुळी अशा एका पंगतीतला आहे.

लंडनच्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स' या संस्थेची स्थापना १८४७ ची. पहिले अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन, म्हणजे रेल्वेचे जनकच. वार्षिक सभा, अध्यक्षीय भाषणे, मेजवान्या तिथेही होत्याच. पण १८७९ मध्ये या संस्थेने घर्षणावर संशोधन करण्यासाठी एक समिती नेमली. फिरणाऱ्या लोखंडी दांड्याला बेअरिंगमध्ये तेल नेमके कसे वाचवते, हे तोवर कुणालाच धड सांगता येत नव्हते. प्रयोगांचे काम ब्यूशँप टॉवर या अभियंत्याकडे गेले. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा पार टोकाला गेला. तेलाचा पातळसा थर दांड्याच्या फिरण्यानेच इतका दाब निर्माण करत होता की सगळा भार त्या थरावर तरंगत होता. १८८३ मध्ये टॉवरने अहवाल संस्थेपुढे ठेवला. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचे गणित १८८६ मध्ये मांडले. आज गिरणीच्या मोटरपासून वीजनिर्मितीच्या टर्बाइनपर्यंत बेअरिंगची रचना करताना तेच गणित वापरतात.

पुढे १९५९ साली त्याच संस्थेच्या एका परिषदेत एक सर्जन उभा राहिला. जॉन चार्नली. विषय, प्राण्यांच्या सांध्यांतले वंगण. त्याच्याकडे एक रुग्ण आला होता, ज्याच्या खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि हालचाल केली की तो करकरायचा. आवाज इतका की म्हणे बायको खोलीतून उठून जायची. बाकीच्यांनी ती गंमत म्हणून सांगितली. चार्नलीने विचार केला, करकरतो म्हणजे घर्षण जास्त आहे. घर्षण जास्त म्हणजे सांधा हाडातून सैल होणार. नैसर्गिक सांध्यातले घर्षण त्याने मोजले, तर ते बर्फावर घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी निघाले. नैसर्गिक सांधा कसा चालतो याबद्दलचे त्याचे उत्तर पुढे अपुरे ठरले. लीड्सच्या डंकन डाउसनसारख्या अभियंत्यांनी त्यात बरीच भर घातली. पण कृत्रिम सांध्याबद्दलचा त्याचा निष्कर्ष पक्का होता: शरीरातला द्रव इथे मदतीला येणार नाही, तेव्हा गोळा लहान हवा आणि वाटी मुळातच गुळगुळीत पदार्थाची हवी.

गुळगुळीत म्हणून त्याने टेफ्लॉन निवडले. आपल्या तव्यावर असते तेच. रुग्ण दुखणे विसरून चालू लागले आणि दोन-चार वर्षांत वाट्या झिजून गेल्या. झिजलेल्या कणांनी आसपासचे हाड आणि ऊती खराब केल्या. सुमारे ३०० रुग्णांच्या बाबतीत हे घडले. चार्नलीने ते दुसऱ्यावर ढकलले नाही. त्या लोकांच्या फेरशस्त्रक्रिया त्याने स्वतः केल्या, टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन काय होते ते पाहिले आणि १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते सगळे लिहून टाकले.

तोवर दुसरा पदार्थ सापडला होता. लँकेशरच्या कापड गिरण्यांतल्या मागांसाठी प्लास्टिकचे दातेरी चाक विकणारा एक विक्रेता १९६२ मध्ये त्याच्या इस्पितळात आला. ते पॉलिएथिलीन चार्नलीला बघताक्षणी आवडले नाही. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने साहेब परदेशी गेल्याची संधी साधून तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजायचे, त्याहून हे तीन आठवड्यांत कमी झिजले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून तीच वाटी माणसांत बसू लागली आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही बसतात. (क्रेव्हनच्या नावाने कुठे शाल-श्रीफळ झाल्याचे माझ्या वाचनात नाही.)

एवढे यश मिळाल्यावरही चार्नलीने रुग्णांकडे एक मागणी केली. तुम्ही गेल्यावर तुमचा खुबा आम्हाला तपासायला द्या. पुष्कळांनी तसे लिहून दिले. दहा-पंधरा वर्षे चाललेला सांधा किती झिजतो, कुठून झिजतो, हे त्यामुळे कळले. आणि १९६७ मध्ये इन्स्टिट्यूशनने माणसाच्या नैसर्गिक व कृत्रिम सांध्यांतील वंगण आणि झीज याच विषयावर परिसंवाद घेतला. डॉक्टर आणि अभियंते एका खोलीत आले.

आता आमच्या वार्षिक परिषदा. मी दरवर्षी एखादी तरी करतो, त्यामुळे हे घरचेच गाऱ्हाणे आहे. मोठे हॉटेल, कंपन्यांचे स्टॉल, पिशवी, पेन, आणि पडद्यावर यशाच्या गोष्टी. हजार शस्त्रक्रियांचा अनुभव सांगणारे वक्ते भरपूर भेटतात. बिघडलेले वीस सांधे टेबलावर मांडून हे का बिघडले म्हणणारा मला तरी भेटलेला नाही. अभियंता भेटलाच तर तो स्टॉलवर, टाय लावून, विक्री विभागातला. वैद्यकीय परिषद घेणाऱ्या संस्थांना हे जमणार नाही असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९९ पासून देशातल्या सांधेरोपणांची नोंदवही ठेवली आहे. कोणत्या बनावटीचा सांधा किती लवकर काढावा लागला, हे त्यांचा वार्षिक अहवाल नावानिशी छापतो. 'एएसआर' नावाचा, धातूवर धातू घासणारा खुबा अपेक्षेपेक्षा जास्त वेळा काढावा लागतो आहे, हे या नोंदवहीत २००७ मध्येच दिसले. २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून गेला. जगभरातून तो परत बोलावला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. पाच वर्षांत साधारण दर आठ सांध्यांपैकी एक काढावा लागत असल्याचे तेव्हा इंग्लंडच्या नोंदवहीतून पुढे आले होते. झिजलेल्या धातूतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते.

भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला. नंतर शोध घ्यायची वेळ आली तेव्हा त्यातल्या जेमतेम हजारभर रुग्णांचाच पत्ता लागला. उरलेले कुठे आहेत, कसे आहेत, कुणाला ठाऊक नाही. २०१५ पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा सरकारी कार्यक्रम आहे, पण त्याला माहिती तेव्हाच मिळते जेव्हा कुणीतरी बसून अर्ज भरतो. निळ्या डब्यात टाकणे त्याहून सोपे असते.

माझ्यापुरते हे कागदावरचे प्रकरण नाही. काही महिन्यांपूर्वी साठी ओलांडलेल्या एक बाई आमच्या ओपीडीत आल्या. थकवा, हातापायांना मुंग्या, ऐकायला कमी. दहा-बारा वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात खुबा बसवलेला. मी विचारले, "मावशी, आत कुठला सांधा आहे? काही कार्ड, स्टिकर?" त्यांनी पिशवीतून फाइल काढली. बिलाची पावती होती, औषधांची यादी होती, फिजिओथेरपीचा कागद होता. सांध्याचे नाव कुठेच नव्हते. "चांगल्या कंपनीचा आहे म्हणाले होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या तक्रारींचे कारण शेवटी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाले आणि इंजेक्शनांनी त्या सुधारल्या. पण ते ठरेपर्यंत, आतला धातू कोणता हे माहीत नसल्याने, रक्तातले कोबाल्ट बाहेरून तपासून घ्यावे लागले. खर्च त्यांच्या मुलाने केला, त्याच्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त.

म्हणून वाचकांना एक काम सांगतो. घरात कुणाला सांधा, स्टेंट, पेसमेकर, पट्टी, काहीही बसवले असेल, तर त्याच्या डब्यावर कंपनी, नमुना आणि क्रमांक लिहिलेले स्टिकर असते. ते इस्पितळाच्या केसपेपरवर चिकटवतात; त्याची एक प्रत मागून घ्या आणि आधार कार्डाबरोबर ठेवा. जुनी शस्त्रक्रिया असेल तर आजच जाऊन विचारा, कारण जुने केसपेपर कायमचे जपले जात नाहीत.

आणि सरकारकडे व आमच्या संघटनांकडे मागणे असे, की सांध्यांची नोंदवही ऐच्छिक ठेवू नका. स्वीडनने गुडघ्यांची १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली, तेव्हा संगणकही आजच्यासारखे नव्हते. आपल्याकडे सरकारी योजनेतून बसणाऱ्या प्रत्येक सांध्याचे पैसे मिळवण्यासाठी रुग्णालये तपशील भरतातच. त्यात सांध्याचा क्रमांक आणि पुढे तो काढला तर त्याचे कारण, असे दोन रकाने वाढतील.

त्या निवृत्त गृहस्थांना मी नंतर फोन केला. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झीज तपासण्याचे यंत्र आहे, विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात, असे त्यांनी सांगितले. काढलेला सांधा निर्जंतुक करून, रुग्णाची लेखी संमती घेऊन आणि नाव झाकून तिथे पाठवता येईल का, हे विचारणारे पत्र आमच्या अस्थिरोग विभागप्रमुखांनी आणि मी मिळून अधिष्ठात्यांना दिले आहे. फाइल सध्या कचरा व्यवस्थापन समितीकडे आहे. येत्या १५ सप्टेंबरला ते गृहस्थ मला पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहेत, तसे त्यांनी आधीच कळवले आहे.