आधी चप्पल काढा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती तालुक्यातल्या पणदरे परिसरात ऊस उभा राहतो, तो माणसांच्या पायांवर. दारं धरताना तास न् तास पाय चिखलात, तोडणीच्या वेळी धारदार खुंटांत, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना सगळा भार टाचेवर नाहीतर चवड्यावर. तरीही दुखणं घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाची चप्पल बहुधा पायातच राहते. गोळी मिळते, सुई मिळते, पाय कुणी बघत नाही. पायाच्या दुखण्यातला बराचसा घोटाळा इथूनच सुरू होतो.

टाचदुखीचंच घ्या. सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ येते, चार पावलं चाललं की ती ओसरते आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर पुन्हा डोकं वर काढते. टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्यावर त्याला पेलवेल त्याहून जास्त ताण पडला, की असं होतं. एक्स-रेत काटा दिसला की ‘हाड वाढलंय’ म्हणून माणूस धास्तावतो. पण टाच कधी न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो काटा असतो. म्हणून इलाज काट्यावर नको, पट्टा बळकट करण्यावर हवा. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घ्यायचा, टाच सावकाश वर न्यायची, तितक्याच सावकाश खाली आणायची. हे एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसता पट्टा ताणणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच झाले. म्हणजे व्यायाम ही जादू नव्हे. दुखण्याचे महिने कमी करण्याची ती वाट आहे.

‘सुईनं तर दुसऱ्याच दिवशी गुण येतो’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. टाचेतल्या स्टेरॉइडचा आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो, आणि सुया वारंवार घेतल्या तर टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा, क्वचित पट्टाच तुटण्याचा धोका असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हंगामात विश्रांती कोण देणार, आणि फिजिओथेरपीसाठी रोज बारामतीला जायचं तर मजुरी कोण भरून देणार? पण फिजिओथेरपी म्हणजे रोज यंत्राचा शेक नव्हे. एकदा नीट तपासणी, घरी करायचे दोन व्यायाम आणि काही आठवड्यांनी फेरतपासणी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. काम बंद करायचं नसतं. फेऱ्या कमी करायच्या, पातळ झिजकी चप्पल बदलायची.

‘आमचे आजे अनवाणीच चालले’ असंही म्हणतात. चालले, पण काटा रुतला की त्यांना कळायचं. आज घरोघरी शिरलेला मधुमेह नेमकी तीच जाणीव काढून घेतो. अशा पायावरच्या कुरुपाला बिब्ब्याचा चटका दिला, ब्लेडनं ते तासलं किंवा औषधी पट्टी चिकटवली, तर जखम होते आणि पत्ताच लागत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या आणि टाचेच्या भेगा हीसुद्धा जंतूंना उघडी दारंच. पायांवर उपचार करणारी पोडियाट्री ही वेगळी शाखा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही, त्यामुळे हे काम डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी वाटून घ्यायला हवं.

त्याला खर्चही फार नाही. साखर तपासायच्या टेबलाशेजारी एक खुर्ची आणि दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा पुरतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या तळव्याला तो टेकवायचा. कळलं नाही, तर बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी द्यायची. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी-सणसरकडे निघते, तेव्हा याच तालुक्यातली माणसं वाकून वारकऱ्यांचे पाय चेपतात. परक्याच्या पायाशी बसायला ज्यांना लाज वाटत नाही, त्यांनी दवाखान्यात स्वतःची चप्पल काढायला आणि ‘आधी पाय बघा’ म्हणायला का लाजावं?