कोड म्हणजे निकाल नव्हे



पीक पिवळे पडले की आपल्यातले काहीजण सरळ युरियाची गोणी फोडतात. मुळाशी पाणी साचले आहे का, हे वाकून कोणी पाहत नाही. नेमकी हीच चूक आता आपण पिकअपच्या बाबतीत करू लागलो आहोत.

गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका टोमॅटो उत्पादकाची पिकअप भरल्या क्रेटसह चढाला बंद पडली. अर्ध्या तासाने सुरू झाली, तापली की पुन्हा बंद. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०३३५ हा कोड आला. क्रँक सेन्सर बदलला, बिल भरले. चौथ्या दिवशी गाडी त्याच चढाला उभी! माल पोचला तेव्हा लिलाव उरकला होता. शेवटी एका जुन्या वायरिंगवाल्याने इंजिन चालू ठेवून सेन्सरच्या वायरी हळूच हलवल्या, तशी गाडी बंद पडली. ब्रॅकेटला घासून वायर तुटत आली होती. म्हणजे काढून टाकलेला सेन्सर चांगलाच होता!

दोष स्कॅनरचा नाही. 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड' एवढेच तो कोड सांगतो. सर्किटात सेन्सर आला, तशी वायर आली, कपलर आला, अर्थिंगही आले. जुन्या जीपचा डिझेल पंप इंजिनच्या गिअरवर चाले, त्याला ही भानगड नव्हती. आजच्या कॉमन रेल गाडीत डिझेल केव्हा सोडायचे हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि क्रँक फिरतोय हे त्याला सेन्सरच सांगतो. खूण बंद की डिझेल बंद. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर सेन्सर आणखी वाढले आहेत.

तेव्हा क्रम धरा. कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर, हेही मेस्त्रीला सांगा. मग बॅटरीची टोके, अर्थिंग, उंदराने कुरतडलेली वायर, कपलरमधले पाणी आणि गंज पाहा. त्यानंतर मल्टीमीटर. सेन्सर दोन वायरींचा असेल तर तो सुटा करून थंड आणि गरम, दोन्ही वेळा ओहम मोजायला सांगा. गरम होताच मीटर सर्किट तुटल्याचे दाखवत असेल तर सेन्सर गेला समजा. तीन वायरींचा असेल तर ओहम मोजून उपयोग नाही. स्विच चालू करून कपलरपर्यंत पुरवठा आणि अर्थिंग येते का ते तपासावे. बल्ब जोडून वायरी तपासू देऊ नका, कॉम्प्युटर जळू शकतो. वायर हलवून पाहताना हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. आणि भाग बदललाच, तर जुना भाग मागून घ्या.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही एक सांगणे आहे. शेतकरी मेळाव्यात आपण फवारणी पंपाची दुरुस्ती दाखवतो. एखादा तास पिकअपच्या वायरिंगलाही द्या. जवळच्या आयटीआयचे निदेशक बोलवा, गावातल्या पोरांच्या हातात मल्टीमीटर द्या. शेतकरी गटाने एक मीटर घेऊन ठेवला तरी पुष्कळ झाले.

गाडी नुसती गाडी नसते हो, तिच्यात आपला चार महिन्यांचा घाम भरलेला असतो. माती परीक्षणाशिवाय खत नको, असे मी नेहमी सांगतो. तपासणीशिवाय सेन्सर नको, एवढी त्यात आता भर घाला.