एक्यूआय बाहेरचा, धूर घरातला

हिवाळा लागला की मुंबई-पुण्याच्या बातम्यांत रोज एक्यूआयचा आकडा येतो. बांधकामाची धूळ, वाहने, जाळला जाणारा कचरा यांवर चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण हा आकडा बाहेर बसवलेल्या यंत्रांचा असतो. आपल्या स्वयंपाकघरात किंवा झोपण्याच्या खोलीत काय चालले आहे, हे त्यातून कळत नाही. लहान मुले, आजी-आजोबा आणि दम्याचे रुग्ण तर दिवसाचा बहुतेक वेळ घरातच असतात.

सरकारी मोजमापही घराच्या दारापाशीच थांबते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात शहरांची प्रगती मुख्यतः बाहेरच्या हवेतील पीएम १० कणांवरून मोजली जाते. त्याहून बारीक पीएम २.५ कण फुफ्फुसांत खोलवर जातात, आणि घरातल्या धुरात ते भरपूर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यांची मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. ती घरातल्या हवेलाही लागू आहे.

गॅस आला, चूल राहिली

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मध्ये सुमारे ६० टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये सुमारे ८० टक्के झाली. ही मोठी सुधारणा आहे. मात्र या सर्वेक्षणात विचारले जाते ते मुख्य इंधन. चहा-भाजी गॅसवर, पण भाकरी चुलीवर आणि अंघोळीचे पाणी बंबात, अशा घराची नोंद ‘स्वच्छ’ अशीच होते. सिलिंडर विकत घ्यावा लागतो. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या घरच्याच असतात. त्यामुळे धूर कमी होतो, पण संपत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाले. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार का होतो, याचे एक मोठे कारण चूल हेच आहे.

गॅसच्या घरातले धोके

• डासांची कॉइल: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघतात असे आढळले. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावू नका; मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हा चांगला पर्याय आहे.

• उदबत्ती, धूप: एखादीच लावा, खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर तेलाचा किंवा तुपाचा छोटा दिवा पुरेसा आहे.

• फोडणी आणि तळण: पंखा किंवा चिमणी स्वयंपाकाआधी सुरू करा आणि नंतरही थोडा वेळ चालू ठेवा. चिमणीचा धूर नळीने बाहेर जातो ना, हे पाहा.

• विडी-सिगारेट: गॅलरीत ओढली तरी धूर आत येतो. घर पूर्ण धूरमुक्त ठेवा.

• ओल आणि बुरशी: पावसाळ्यात भिंतीवर काळे डाग दिसले तर आधी गळती थांबवा. नुसता रंग लावून बुरशी जात नाही.

• गॅस गिझर, कोळशाची शेगडी: बंद बाथरूममध्ये किंवा खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. गिझर शक्यतो बाथरूमबाहेर बसवा. शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका.

चूल सोडणे आज शक्य नसेल, तर ती आणि बंब घराबाहेर, मोकळ्या जागी हलवा. लाकूड कोरडे वापरा. स्वयंपाक चालू असताना बाळाला जवळ घेऊन बसू नका.

एअर प्युरिफायर कण गाळतो, पण धुराचा उगम तसाच ठेवून तो फारसा उपयोगी पडत नाही. कार्बन मोनॉक्साइड तर त्याने अडतच नाही. कुंडीतल्या झाडांनीही घरातली हवा लक्षणीय शुद्ध होत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, चालताना लागणारी धाप किंवा छातीत घरघर असेल तर तपासणी करून घ्या. गरज पडल्यास डॉक्टर स्पायरोमेट्री आणि क्षयरोगाची चाचणी सांगतील. किती वर्षे चुलीवर स्वयंपाक केला, घरात रात्री काय जळते, हे न विचारताही सांगा. बाळाचा श्वास जलद होत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल तर लगेच न्या. गिझर किंवा शेगडीजवळ डोके दुखणे, चक्कर, मळमळ होऊन बाहेर आल्यावर बरे वाटत असेल, तर ती धोक्याची खूण समजा. कोणी बेशुद्ध दिसल्यास दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

शहराची हवा सुधारायला वर्षे लागतील, आणि सिलिंडर परवडणे हा धोरणाचा प्रश्न आहे. उशाची कॉइल मात्र आज रात्रीच बंद करता येते.