जबड्याच्या दुखण्यावर आधी सुई नको

जबड्याचे स्नायू महिनोन्‌महिने दुखत असतील, घास चावताना कानशिलापर्यंत कळ जात असेल, तर माणूस कोणत्याही उपायाला तयार होतो. म्हणूनच बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवताना पुरावा काय सांगतो, हे रुग्णाला आधी कळायला हवे. हे औषध मज्जातंतूंतून स्नायूंकडे जाणारा ॲसिटिलकोलिनचा संदेश अडवते; स्नायू सैल पडतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. कल्पना पटण्यासारखी आहे. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत साध्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनीही जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी याची शिफारस केली नाही, उलट देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी आणि वर्तनोपचार यांना ठाम पसंती दिली.

‘पण अनेकांना आराम पडतो’ हा आक्षेप खोटा नाही. मात्र हे दुखणे मुळात कमी-जास्त होत राहते आणि सुईवरचा विश्वासही वेदना कमी करतो; म्हणून तर तुलनात्मक चाचणी लागते. इतर उपाय थकल्यावर, जाणकार डॉक्टरांनी धोके समजावून बोटॉक्सचा प्रयोग करायला हरकत नाही. पण वारंवार इंजेक्शन घेतल्यास चावण्याची ताकद घटते आणि जबड्याच्या हाडावरही परिणाम होण्याची शंका आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: आधी व्यायाम करून पाहू का?