जागा राखल्या, टिपणे राहिली

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या, आणि परीक्षेत लेखनिक व तासामागे २० मिनिटे वाढीव वेळ देण्याची तजवीजही झालेली आहे, हे खरे. परंतु वर्षभर ज्या टिपणांवर अभ्यास करावयाचा, ती जर छापील पानांची वेडीवाकडी छायाचित्रे असतील, तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या हाती त्यांतील एकही अक्षर धड लागत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला सहाध्यायांची मनधरणी करीत बसावे लागते. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या प्राध्यापकांचे ओठ कर्णबधिर विद्यार्थ्याला दिसत नाहीत, ही तर बिनखर्चाने दूर होणारी अडचण! प्राचार्यांनी सत्रारंभीच स्क्रीन रीडरला वाचता येणारी युनिकोडमधील टिपणे देण्याचा हुकूम काढावा. विद्यार्थ्याच्या अर्जाची वाट पाहू नये.